गरीब दिसण्याची अट

"पेशंट कोण?" हॉस्पिटलच्या टेबलामागच्या मॅडमनी विचारलं.

अण्णा त्यांच्या समोरच व्हीलचेअरवर बसले होते. एक हात छातीवर. श्वास लागलेला. मी म्हटलं, हे माझे वडील.

मॅडमनी आधी अण्णांकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. वरून खाली. पुन्हा खालून वर. बाजारात वांगं उलटसुलट करून बघतात तसं. कुठे किडकं आहे का ते बघायचं असतं. इथे उलटं होतं. किडकं सापडत नव्हतं म्हणून त्या वैतागल्या होत्या.

"गरिबांची खाट हवीय तुम्हाला?"

"हो."

"गरीब दिसत नाही तुम्ही."

अण्णांच्या अंगात पांढरा सदरा होता. कडक इस्त्रीचा, बाहीला धार असलेला. पायात पॉलिश केलेले बूट. आई पांढऱ्या साडीत, निऱ्या एकसारख्या. केसांना तेल, नीट अंबाडा. मी ऑफिसला घालते तो चांगला ड्रेस घातलेला.

"लग्नाहून आलात की लग्नाला निघालात?"

मागे रांग होती. रांगेतले दोघंतिघं हसले. तेही आमच्यासारखेच कागद घेऊन उभे होते. त्यांचा आमच्यावर काही राग नव्हता. मॅडम हसल्या म्हणून ते हसले. काम अडलेला माणूस कशालाही हसतो.

आई म्हणाली, "हॉस्पिटलात यायचं म्हणून नीट कपडे घातले, मॅडम."

"कानात सोनं आहे तुमच्या."

होतं. डाळीएवढं. लग्नातलं. आईचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला. चोरी पकडली गेल्यासारखा. माझ्या आईने आयुष्यात कुणाची टाचणी उचललेली नाही.

मी प्लास्टिकच्या फोल्डरमधून रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी तो उघडूनही बघितला नाही.

"कागद सगळेच आणतात. दाखले काय, कुठेही बनतात. आमचा माणूस घरी येऊन बघेल. मग ठरवू."

"कधी येईल?"

"येईल. नेक्स्ट."

मी व्हीलचेअर वळवली, तेव्हा अण्णांनी मांडीवर गोळा झालेला सदरा हाताने सरळ केला. रोजच्या सवयीने. मला रडू आलं नाही.

इस्त्रीचं सांगायला हवं. त्याशिवाय हे कळणार नाही.

अण्णा मराठवाड्यातल्या एका खेड्यातले. त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांनी टाकलेले कपडे घातले. आमच्या माणसाने पांढरं स्वच्छ नेसून चावडीवरून जायचं नाही, असा गावाचा नियम. गेला तर कपडे काढायला लावायचे, वर मारायचे. मग वारं बदललं. आमच्या माणसांनी देव बदलले, धर्म बदलला, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं आणि कपडे धुवायला लागले. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे. अण्णा लहानपणी मला तिच्यासमोर उचलून धरायचे. म्हणायचे, "कोट बघ. एक सुरकुती आहे का? आपण तसं राहायचं."

मुंबईत आल्यावर सुरुवातीला घरात विजेची इस्त्री नव्हती. अण्णा पितळेच्या तांब्यात निखारे भरायचे आणि तांब्याचं बूड कपड्यांवर फिरवायचे. पुढे इस्त्री आली. दर रविवारी सकाळी जमिनीवर घोंगडी पसरून अण्णा आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करायचे. मग आम्ही विहारात वंदनेला जायचो. माझ्या शाळेच्या फ्रॉकच्या चुण्या इतक्या धारदार असायच्या की बाईंनी एकदा विचारलं, कुठल्या सोसायटीत राहतेस? मी म्हटलं, मरोळला, चाळीत. बाईंना खरं वाटलं नाही. ही गोष्ट अण्णा कितीतरी वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगायचे.

आमच्यात असं आहे. महत्त्वाच्या जागी जायचं तर नीट कपड्यांत जायचं. शाळा, कोर्ट, कचेरी, हॉस्पिटल. लोकांनी आपल्याला मळकं बघायची सवय लावून घेतलीय, ती मोडायची. महापालिकेच्या हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने सांगितलं होतं, "बायपास लागेल. आमच्याकडे नंबर यायला वेळ जाईल आणि यांच्याकडे तेवढा वेळ नाही. ट्रस्टच्या हॉस्पिटलात निर्धन रुग्णांसाठी खाटा राखीव ठेवाव्याच लागतात. तुमचा हक्क आहे, जा." डोळ्यांत झोप नव्हती त्या पोराच्या, पण बोलला माणसासारखा. हक्क म्हणाला. हक्काची वस्तू घ्यायला आम्ही चांगले कपडे घालून गेलो.

आता कुणी म्हणेल, विमा का नव्हता? ऑफिसातल्या एका बाईने मला हेच विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती, पण प्रश्न असा की जणू आम्ही छत्री घरी विसरून आलो.

अण्णा मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात लेथवर होते. तोपर्यंत कामगार विम्याचं कार्ड होतं. कारखाना गुजरातला गेला. मशीन ट्रकवर चढवून नेली, माणसं इथेच ठेवली. नोकरी गेली त्याच्यामागे कार्ड गेलं. मी कमवायला लागल्यावर अण्णा आणि आईची पॉलिसी काढली. पहिली काही वर्षं हप्ता जेमतेम झेपला. आजार काही नव्हता, दवाखाना नव्हता, तेव्हा कंपनी आमच्यावर खूश. मग अण्णांनी साठी ओलांडली, साखर निघाली, आणि हप्ता असा वाढला की मेसेज वाचून मला वाटलं चुकून दुसऱ्याचा आला. एजंटला फोन केला. तो म्हणाला, "वय वाढलं ना ताई." मी म्हटलं, वय सगळ्यांचंच वाढतं. तो हसला. त्याच वर्षी माझी नोकरी गेली होती, नवी मिळायला वेळ लागला. पॉलिसी बंद पडली. नंतर नवीन काढायला गेले तर साखर बघून कुणी घेईना. जे घेणार होते त्यांची अट अशी, की हृदयाचं आणि साखरेचं काही झालं तर पहिली काही वर्षं पैसे मिळणार नाहीत. अण्णांना दुसरं काही होणारच नव्हतं.

आताच्या कुरिअर कंपनीत मला विमा आहे. फक्त मला. आईवडिलांना जोडायचं तर हप्ता पगारातून कापणार, आणि तो कापल्यावर पगारात घरभाडंही उरत नाही. सरकारी योजना विचारली. हे हॉस्पिटल त्या योजनेत नव्हतं. जिथे होती, तिथे रांग महापालिकेइतकीच लांब. म्हणजे निरोगी आणि तरुण असेपर्यंत विमा मिळतो. म्हातारा आणि आजारी झालास की तुझं तू बघ. हे सगळं कायद्याने चालतं, आणि ते चालवणारी माणसं बोलायला फार गोड असतात.

त्या दिवशी घरी आलो. शेजारच्या सावंतकाकू दारातच होत्या. मालवणच्या. काका गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले आणि किडनीच्या आजाराने गेले. काकूंनी आम्हाला बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"गो बाय, अशी इस्त्री करून गेलंस तर गरीब म्हणान कोण मानतला? थंय जाताना जुन्यात जुना नेसायचा. कानातला काढायचा. आणि थोडा रडाक व्हया."

आई म्हणाली, "आमच्याकडे दाखला आहे, काकू."

"दाखलो कोण बघता? तोंड बघतंत. माझ्या घोवाच्या वेळेक मी काय केलंय ता माका म्हायत. तीन दिवस डोक्याक फणी लावक नाय."

काकूंनी हे लाजून सांगितलं नाही. रेशनला पिशवी न्यावी लागते, तसं सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं. चाळीत ज्याच्या त्याच्या घरात कुणी ना कुणी अशा टेबलासमोर उभा राहिलेला होता. आम्हालाच माहीत नव्हतं. आमच्यावर वेळ उशिरा आली, इतकंच.

मग हॉस्पिटलचा तो माणूस यायची वाट बघणं सुरू झालं. काकूंनी टीव्ही त्यांच्या घरी नेला. फ्रिज हलवता येईना, म्हणून त्यावर गोधडी टाकली. तो आला एका दुपारी, टाय लावून. घाम पुसत आत आला आणि बूट न काढता सगळीकडे फिरला. फिरायला जागा तरी केवढी. पंख्याकडे बघितलं. मोरीतली टाइल बघितली. गोधडी उचलून फ्रिज बघितला. बंद आहे, आई म्हणाली. अण्णा पलंगावर पडून सगळं बघत होते.

पुस्तकांच्या फळीपाशी तो थांबला.

"बरीच पुस्तकं आहेत. एवढी पुस्तकं कुठून?"

"वाचायला," अण्णा म्हणाले.

त्याने भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाला. मग, "तुमच्या लोकांना तसं सरकारकडून बरंच मिळतं ना?"

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मी उत्तर दिलं असतं. आईने डोळ्यांनीच मला थांबवलं. जाताना दारात तो हळू आवाजात मला म्हणाला, "रिपोर्ट देतो मी. पण मॅडमना भेटायला याल तेव्हा जरा समजून या. कळतंय ना?" त्याचा स्वर वाईट नव्हता. उलट आमच्यावर मेहेरबानी करतोय असं त्याला वाटत होतं.

दरम्यान अण्णांच्या पायांवर सूज चढली. आडवं झालं की गुदमरायचे, म्हणून उशांना टेकून बसून राहायचे. महापालिकेच्या हॉस्पिटलात पुन्हा नेलं. तिथे औषध बदलून दिलं आणि तेच सांगितलं. ट्रस्टकडे लवकर जा.

आईकडे फाटकी साडी नव्हती. कधीच नसते. साडी जुनी झाली की आई ती गोधडीला लावते, दारिद्र्य अंगावर मिरवत नाही. काकू म्हणाल्या, माझी ने. आईने मान हलवली. "दुसऱ्याचं कापड नको." तिच्या सासूने जन्मभर दुसऱ्याचंच नेसलं होतं.

आईने कपाटातून तिची एक जांभळी साडी काढली. चांगली होती, नुसती वापरातली. पदर दोन्ही हातांत धरला आणि ओढला. आवाज झाला.

अण्णांनी पलंगावरून विचारलं, "काय फाटलं?"

"काही नाही. जुनं कापड."

मग तिने कानातलं काढलं. अण्णांचा सदरा रात्रीच पिळून बोळा करून ठेवला होता, तो वाळून चिपाड झाला होता. तो बघून अण्णा म्हणाले, "इस्त्री तापव."

"आज नको."

अण्णांना कळलं. त्यांनी आईच्या साडीकडे पाहिलं, मग त्या सदऱ्याकडे. लहान मूल करतं तसे दोन्ही हात पुढे केले. आईने त्यांना सदरा घातला. मी तेव्हा दाराबाहेर जाऊन रिक्षा बघायचं निमित्त केलं. मला ते बघवेना.

"आता कसं," मॅडम म्हणाल्या. खरंच म्हणाल्या. हसून म्हणाल्या. "ये मावशी, बस."

पहिल्या वेळी आई त्यांना 'तुम्ही' होती. या वेळी 'तू' झाली. कागद तेच होते, दाखला तोच, रेशनकार्ड तेच. अण्णांचं हृदयही तेच, फक्त आणखी थकलेलं. मॅडमनी या वेळी सगळं नीट वाचलं, शिक्के मारले. मग कुठे सही करायची ते न सांगता शाईचा पॅड आईसमोर सरकवला.

माझी आई सातवी शिकलेली. तिला तिच्या सहीचा केवढा अभिमान. सिलेंडरवाल्याच्या पावतीवरसुद्धा पूर्ण नाव लिहिते, अण्णांच्या नावासकट, तो कंटाळून उभा राहतो. मी तोंड उघडलं. आईने टेबलाखाली माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मग तिने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला.

अण्णा बघत होते.

बाहेर आल्यावर आई अंगठा फाटक्या पदराला पुसत राहिली. निळा डाग काही जाईना. "मिळाली ना खाट," ती म्हणाली. "बाकी जाऊ दे."

खाट मिळाली. वॉर्डच्या टोकाला, बाथरूमच्या दाराजवळ. खोटं का बोला, नर्स चांगल्या होत्या. केरळच्या एक सिस्टर अण्णांना 'अप्पा' म्हणायच्या. पण खाटेच्या डोक्याशी एक लाल कार्ड होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'निर्धन'. येणाराजाणारा वाचायचा. अण्णांनीही वळून वाचलं.

"बरोबर आहे," म्हणाले. "धन नाही. खोटं काय त्यात?"

तेवढ्यापुरते ते हसले, आम्हीही हसलो. मग ते आईला म्हणाले, "आता खाट मिळाली ना. उद्या नीट साडी नेसून ये."

आई म्हणाली, "ऑपरेशन होऊ दे."

तिला भीती होती. नीट नेसून आले आणि मॅडमनी जिन्यात बघितलं, तर खाट काढून घेतील. वेडी भीती नव्हती ती. ज्यांनी कपडे बघून खाट दिली, ते कपडे बघून काढूही शकतात. म्हणून आई रोज तीच जांभळी साडी नेसून यायची. भेटायच्या वेळेला ती आली की अण्णा भिंतीकडे तोंड करायचे. रुसवा नव्हता तो. आईचा हात हातात घट्ट धरलेला असायचा, आणि तोंड भिंतीकडे. त्यांना तिला तशी बघायचं नव्हतं.

ऑपरेशनची तारीख ठरली. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा गेले. आई उशाशी होती. तीच साडी. या गोष्टीचं मी काय करू, मला अजून कळत नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर एक सुरकुती सहन केली नाही आणि शेवटी डोळ्यांसमोर जे होतं ते बायकोचं फाडलेलं पातळ.

वॉर्डच्या डॉक्टरनी आम्हाला बाजूला घेतलं. वयस्कर, शांत माणूस. म्हणाले, "हृदय फार कमजोर झालं होतं. ऑपरेशन सहन होईल असं करायला आम्हाला वेळच मिळाला नाही. थोडं आधी आणायला हवं होतं."

"आणलं होतं," आई म्हणाली.

"कुठे?"

"इथेच. खाली. टेबलापर्यंत."

डॉक्टरांना कळलं नाही, किंवा कळलं. चष्मा काढून पुसत राहिले आणि मग दुसऱ्या पेशंटकडे गेले. माझ्या आत मात्र त्या शब्दांनी काहीतरी कायमचं सरळ झालं. तोवर मला वाटत होतं की आमचा अपमान झाला. अपमान तर झालाच. पण ते दिवस, टायवाल्याची वाट बघण्यातले, टीव्ही लपवण्यातले, साडी फाडण्यातले, ते दिवस अण्णांचे होते. ते त्या टेबलाने घेतले.

बॉडीचे कागद न्यायला खाली गेलो. टेबल तेच. मॅडमनी आवाज खाली आणून "सॉरी" म्हटलं, आणि एक छापील कागद पुढे केला. आभारपत्र. ट्रस्टच्या कृपेने आमच्या रुग्णावर मोफत उपचार झाले, आम्ही विश्वस्तांचे आजन्म ऋणी राहू. खाली नाव, सही किंवा अंगठा. शेजारी शाईचा पॅड.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सगळेच देतात. फाइलला लागतं. ट्रस्टींना दाखवायचं असतं."

आईने हात मांडीवरून वर उचलला नाही. मी म्हटलं, "हे आम्ही देणार नाही."

"अहो, फॉर्मॅलिटी आहे. दोन मिनिटांचं काम."

"कृपा कुठली? या हॉस्पिटलला जमीन सवलतीत मिळाली. त्याच्या बदल्यात या खाटा ठेवायच्या असतात. तुमच्याच लॉबीत पाटी आहे. तुम्ही आम्हाला आमची खाट दिलीत, आणि तीही उशिरा दिलीत."

मॅडमचा चेहरा बदलला. "मग पुढचे पेपर्स अडकतील. मी काही करू शकत नाही."

"म्हणजे हे नाही दिलं तर बॉडी मिळणार नाही?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग जे म्हटलंत ते लिहून द्या."

माझा आवाज चढला नव्हता. मला वाटलं होतं मी ओरडेन. इतकी वर्षं मनात ओरडत होते. पण शब्द अगदी सपाट आले. मागच्या रांगेत या वेळी कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, बाहेर बसा. आम्ही बाहेर बाकावर बसलो.

बसून राहिलो. विहारातली माणसं आली. घरी सगळे खोळंबलेत, फोन येत होते. अण्णा खाली थंड खोलीत होते. त्या बाकावर बसून मला शंभरदा वाटलं की उठावं, अंगठा द्यावा आणि वडिलांना घरी न्यावं. मी आईला विचारलं, "काय करू? देऊ का?"

आई म्हणाली, "नको. मी एकदा दिलाय. आता नाही."

"अण्णा तिथे पडलेत गं."

"पडू दे. त्यांना चालेल."

ती रडत होती. रडता रडता बोलत होती. मी तिला धरलं. आईचं अंग हलत होतं, पण हात मांडीवर घट्ट मिटलेले होते. विहारातली माणसं टेबलाच्या समोरच्या भिंतीला लागून उभी राहिली. धक्काबुक्की नाही, घोषणा नाही. नुसती उभी. वरून कुणाचा तरी फोन आला, मॅडम दोनदा आत गेल्या, बाहेर आल्या. शेवटी एक शिपाई कागद घेऊन आला. त्यात आभारपत्र नव्हतं. आईने त्याच्याकडे पेन मागितलं आणि बॉडी ताब्यात मिळाल्याच्या कागदावर सही केली. पूर्ण नाव. अक्षर वाकडं आलं. शिपाई थांबून राहिला.

मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार केली. दाखला असताना खाट नाकारली, कपड्यांवरून आणि कानातल्यावरून गरिबी ठरवली, आभारपत्रासाठी मृतदेह अडवला. चौकशी लागली. तारखा पडायला लागल्या. त्या तारखांना माझी रजा जाते, पगार कापला जातो. मॅनेजरने एकदा बोलावून विचारलं, किती दिवस चालणार हे? मी म्हटलं, माहीत नाही.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलकडून एक गृहस्थ घरी आले. या वेळी टाय नव्हता. बूट दारात काढले. फळांची पिशवी आणली होती. आईला 'माताजी' म्हणाले. ट्रस्टींना फार वाईट वाटलं, गैरसमज झाला, मॅडमना समज दिली. मग मुद्द्यावर आले. आईच्या सगळ्या तपासण्या, औषधं, पुढे काही लागलं तर ऑपरेशनसुद्धा, कायमचं मोफत करून देऊ. वेगळं कार्ड देऊ. फक्त तेवढी तक्रार मागे घ्या.

मला माहीत होतं ते काय देत होते. आईलाही आता साखर आहे. डाव्या डोळ्याने कमी दिसतं. विमा नाही, मिळणारही नाही. माझा पगार तोच आहे. त्या कार्डाने माझ्या डोक्यावरचं सगळं ओझं एका झटक्यात उतरलं असतं. मी आईकडे पाहिलं. खरं सांगते, माझ्या तोंडात 'हो' आलं होतं.

आईने त्यांना विचारलं, "शेजारच्या सावंतकाकूंचं पण करणार का?"

गृहस्थ हसले. "माताजी, सगळ्यांचं कसं करणार?"

"मग उठा," आई म्हणाली. "फळं घेऊन जा."

ते गेल्यावर ती स्वयंपाकाला लागली. मी तिला विचारलं, "तुला काही झालं तर?" ती म्हणाली, "होईलच की कधीतरी." आणि भात चढवला. त्या रात्री मला राग आला तिचा. फार राग आला. मग रडले. अण्णा गेल्यानंतर मी तशी रडलेच नव्हते.

आता मला सगळं स्पष्ट दिसतं. उद्या आईला खाट लागेल. विमा नसलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या उपनगरात जायला किती दारं आहेत? फिरून मी त्याच दारात येणार. त्याच टेबलासमोर. तिथे आता मला सगळे ओळखतात, आणि कुणी मला मदत करणार नाही. लोक म्हणतात, हॉस्पिटलशी वाकडं घेतलंस, आईचा तरी विचार करायचा. करते. रोज करते. तिला घेऊन त्या टेबलासमोर उभी राहीन तेव्हा मी विनवणार नाही, रडणार नाही, हात जोडणार नाही. दाखला ठेवीन आणि खाट मागेन. नाही म्हणाले तर 'नाही' लिहून घेईन, आणि लिहून मिळेपर्यंत हलणार नाही.

तक्रार मी मागे घेतलेली नाही. पुढची तारीख लागली आहे. मी जाणार आहे.